विनातिकीट हसणं

पत्र थोडक्यात: नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ३६, खासगी शाळेत शिक्षिका. घरी नवरा, चौथीतला मुलगा आणि ७६ वर्षांचे सासरे. सासरे एसटीत कंडक्टर होते. आठ महिन्यांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हापासून ते जेवणापुरतं बोलतात. दोन आठवड्यांपूर्वी ताईंनी मोबाइलवर कॉमेडीचं एक ॲप घेतलं, 'सात दिवस मोफत' होतं म्हणून. सासऱ्यांनी ते पाण्याच्या तांब्याला टेकवून सहज पाहिलं आणि हसले. स्वयंपाकघरात ऐकू येईल इतकं हसले. सात दिवस संपत आले तेव्हा ताईंनी आपल्या फोनमधलं ॲप काढून टाकलं आणि नवऱ्याच्या नंबरवर पुन्हा सात दिवस घेतले. तेही येत्या गुरुवारी संपतात. पुढे महिन्याला ९९ किंवा वर्षाला ४९९ रुपये पडतात. नवरा म्हणतो, 'घरात तीन ओटीटी आहेत, चौथं कशाला? आता बाबांच्या नंबरवर घे.' सासरे म्हणतात, 'फुकट आहे तोवर ठीक. पैसे देऊन कशाला हसायचं?' ताईंचा प्रश्न असा: तिसऱ्यांदा फुकट घेणं चूक आहे का? की गुपचूप पैसे भरून बाबांना 'फुकटच आहे' म्हणून सांगू?

ताई,

तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक काम करा. वाचणं थांबवा आणि तुमचा फोन हातात घ्या. नवऱ्याचा नको, तुमचा.

तुम्ही लिहिलंय, 'माझ्या फोनमधलं ॲप काढून टाकलं.' 'रद्द केलं' असं पत्रात कुठेही नाही. मी दोनदा वाचून पाहिलं. घरी येणारा पेपर बंद करायचा असेल तर दाराला कडी लावून भागत नाही, पेपरवाल्याला सांगावं लागतं. नाहीतर महिनाअखेरीस बिल येतंच. ॲपचंही तेच. आयकॉन गेला तरी वर्गणी चालू राहते.

ते सात दिवस सुरू करताना तुम्ही यूपीआयचा पिन टाकला असणार. एखाद-दोन रुपये गेले आणि परतही आले असतील. त्या पिनने तुम्ही बँकेला सांगून ठेवलंत की मुदत संपल्यावर हे लोक मागतील तेव्हा पैसे द्या. याला 'ऑटोपे' म्हणतात. यूपीआयवर ही सोय २०२० सालापासून आहे. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की परवानगी देताना एकदा पिन किंवा ओटीपी लागतो, त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा वजावटीला पुन्हा विचारण्याची गरज नाही. फक्त पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला कळवायला हवं. तसा मेसेज तुम्हाला आलाही असेल. वीजबिल, शाळेचा ग्रुप आणि कर्ज देऊ पाहणाऱ्यांच्या गर्दीत तो कुठे बसलाय, ते शोधा.

माझा अंदाज सांगते. पैसे गेलेले असावेत. आणि बऱ्याच ॲपमध्ये वर्षाचा प्लॅन आधीच निवडून ठेवलेला असतो, त्यामुळे ९९ ऐवजी ४९९ गेलेले असण्याचीच शक्यता जास्त. तसं असेल तर गंमत बघा. तुम्ही दोघं गुरुवारच्या काळजीत, आणि बाबांचं वर्षाचं तिकीट तुमच्या नंबरवर केव्हाच फाडून झालंय.

हसू नका, माझंही झालंय. मी एकदा योगासनांचं ॲप सात दिवसांसाठी घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी कंबर धरली, ॲप काढून टाकलं. पुढचे चौदा महिने दर महिन्याला ९९ रुपये जात होते. कर्जाच्या कामासाठी बँकेचा उतारा काढला तेव्हा कळलं. एकही आसन न करता १,३८६ रुपये.

तर आता कुठे बघायचं ते सांगते. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमध्ये उजवीकडे वर आपल्या फोटोवर बोट ठेवलं की पैसे आणि वर्गण्यांचा भाग येतो. चालू असलेल्या सगळ्या वर्गण्या तिथे दिसतात. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली. ॲपलवाले तर सांगतातच की मोफत मुदत संपायच्या किमान २४ तास आधी रद्द करा, शेवटच्या दिवशी धावपळ करू नका. या दोन्ही ठिकाणी काही दिसलं नाही तर पैसे थेट ॲपच्या साइटवरून भरले गेले असतील, मग रद्दही तिथेच जाऊन करावं लागतं. तुम्ही ज्या यूपीआय ॲपने पैसे देता त्यातही 'ऑटोपे' नावाचा कप्पा असतो. तो उघडा. किती रकमेपर्यंतची परवानगी दिली आहे, महिन्याची की वर्षाची, आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे तिघं तिथे एकत्र बसलेले दिसतील. रकमेपुढे 'पर्यंत' लिहिलं असेल तर तो शब्द नीट बघा, कारण ती परवानगी ९९ ची नसून कधीकधी बरीच मोठी असते. तिथूनही ती काढून घेता येते.

हेच काम नवऱ्याच्या फोनवर मंगळवारी रात्रीच करा. बुधवारची वाट बघू नका. रद्द केल्यावरही बहुतेक ठिकाणी उरलेले दिवस बघता येतं. काही ठिकाणी लगेच बंद होतं. रद्द करताना तसं लिहून येतं, ती एक ओळ वाचायची.

तुमच्या नंबरवरचे पैसे गेलेच असतील तर प्ले स्टोअरवरून परत मागण्याचा सोपा काळ पहिल्या ४८ तासांचा असतो, तो उलटून गेलाय. तरी कंपनीला लिहून बघा, पैसे कापल्यानंतर एकही दिवस वापर झालेला नाही हे त्यांना दिसतं. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत अशा तेरा क्लृप्त्या नावानिशी दिल्या आहेत आणि 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' ही त्यांपैकी एक. रद्द करणं अवघड करून ठेवणं त्यात येतंच, शिवाय मोफत वर्गणीसाठी पैशांचा तपशील किंवा ऑटोपेची परवानगी मागण्याची सक्ती करणं हेही त्यात लिहिलंय. म्हणजे तुम्ही जिथून सुरुवात केलीत तीच पायरी. कागदावर हे आहे. फोनवर काय चालतं ते आपण दोघी बघतोच आहोत.

आता तुमचा पहिला प्रश्न. तिसऱ्यांदा फुकट घेणं चूक आहे का?

चूक आहे. फार मोठी नाही, पण आहे. सात दिवस हे नव्या गिऱ्हाइकाला चव घ्यायला दिलेले असतात, एका घराला एकदा, असा त्यांचा हिशेब असतो. पण हे मी तुम्हाला सांगण्यापेक्षा बाबांनाच विचारा ना! एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास'चा पास असतो, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा. समजा एका माणसाने सात दिवस स्वतःच्या पासवर हिंडून घेतलं आणि आठव्या दिवशी भावाच्या नावाचा पास पुढे केला. तुमच्या बाबांनी काय केलं असतं? बेल मारून गाडी थांबवली असती. आणि त्यांच्याच नंबरवर तिसरा पास काढायचा बेत तुम्ही दोघं त्यांना न सांगता करताय.

नीतीचं राहू द्या, व्यवहाराचं बघा. बाबांचा नंबर त्यांच्या पेन्शनच्या खात्याला जोडलेला आहे, असं तुम्हीच लिहिलंय. एसटीच्या माणसाची पेन्शन किती असते हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या खात्यावर कुठलीही ऑटोपे नको, नातवाने चुकून लावलेलीही नको. मेसेज न वाचणाऱ्या माणसाच्या खात्यातून ९९ गेले तर ते कुणाला कळणार? शिवाय एकदा नंबर दिला की 'तुमची वर्गणी संपत आहे, या लिंकवर चालू करा' असे मेसेज येतात. काही खरे असतात, काही चोरांचे. तुम्ही ओळखाल, ते ओळखतीलच असं नाही. आणि कृपा करून 'मोफत कॉमेडी ॲप' असं शोधून कुठल्या तरी ग्रुपवरून आलेली फाइल फोनमध्ये टाकू नका. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं. तसं काही घडून पैसे गेलेच तर सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा नंबर आहे. जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आता दुसरा प्रश्न. पैसे भरून बाबांना 'फुकटच आहे' म्हणून सांगायचं का? इथे मी तुमच्या पत्रावर बराच वेळ थांबले.

'पैसे देऊन कशाला हसायचं?' या वाक्याचा अर्थ तुम्ही 'बाबा काटकसरी आहेत' असा घेतलाय. असतीलही. पण तरुणपणी या माणसाने जत्रेत तमाशाच्या तंबूचं तिकीट काढलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. पैसे देऊन हसणं त्यांच्या पिढीला नवीन नाही. मला ते वाक्य वेगळं ऐकू आलं. बायकोला जाऊन आठ महिने झालेत. तुमचा फोन समोर होता, काहीतरी चालू होतं, हसू फुटलं. चुकून झालं, त्याचा दोष कुणाला देता येत नाही. पैसे मोजले की मात्र ते ठरवून हसणं होतं. रोज संध्याकाळी आपण हसायला बसणार आहोत, हे मान्य करावं लागतं. ते त्यांना अजून जड जात असेल. 'फुकट आहे तोवर' म्हणताना ते स्वतःला थोडी मुभा देत असतील, तिला मुदत घालून.

माझा हा अंदाज चुकीचाही असेल, तुम्ही त्यांना रोज बघता. पण तो बरोबर असेल तर 'फुकटच आहे' ही थाप मारून तुम्ही नको तिथे हात घालाल. उद्या नातू बोलून जाईल, 'आजोबा, मम्मीने पाचशे रुपये भरलेत.' चौथीतली मुलं हे बोलतातच. मग बाबा फोन बाजूला ठेवतील आणि पुन्हा हात लावणार नाहीत.

त्यापेक्षा गुरुवारी संपू द्या.

तुमच्या पत्रात 'गुरुवार' पाच वेळा आलाय. जणू गुरुवारी रात्री बारा वाजता बाबा पुन्हा गप्प होणार आहेत. ती मुदत दुकानदाराची आहे हो, तुमची नाही. शुक्रवारीही ते ९९ रुपये घेतील, पुढच्या महिन्यातही घेतील. गिऱ्हाइकाला नाही म्हणणारं दुकान अजून उघडलेलं नाही. घाई त्यांनी तुमच्या अंगात भरवली आहे, कारण घाईत माणूस वर्षाचा प्लॅन घेतो.

म्हणून गुरुवारी बंद झालं की बाबांना सरळ सांगा: 'बाबा, मुदत संपली. पुढे महिन्याला ९९ आहे.' एवढंच. पुढे 'घेऊ का?' विचारू नका आणि 'तुमच्यासाठी घेतेच' असंही म्हणू नका. आठवडाभर थांबा. त्यांनी विषय काढला, 'ते हसायचं बंद झालं का गं?' असं काही म्हणाले, तर उत्तर मिळालं. मग पैसे त्यांच्या हातून घ्या. ऑटोपे नाही, रोख शंभराची नोट, तुमच्या हातात. फोनवरचं काम तुम्ही तुमच्या खात्यातून एका महिन्यापुरतं करा आणि लगेच त्याची ऑटोपे काढून टाका. सुनेने आणि मुलाने खर्च केला तर ते उपकार होतात. स्वतः शंभराची नोट दिली तर ते त्यांचं तिकीट. उरलेला एक रुपया परत द्यायला विसरू नका. कंडक्टरचा सुट्ट्या पैशांशी जन्मभराचा संबंध.

'फुकट' या शब्दावरूनच बोलणं काढायचं असेल तर त्यांच्या एसटीच्या प्रवासाबद्दल काढा. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या माणसांना एसटीत फुकट प्रवास आहे. बाबाही तसेच जात असतील. पण त्याही प्रवासाला कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो, कारण ते पैसे महामंडळाला सरकारकडून यायचे असतात. कुणीतरी भरतंय म्हणून शून्य. हे बाबा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं समजावतील, आणि समजावता समजावता चार वाक्यं जास्त बोलतील.

दरम्यान, अजून ॲप चालू आहे तोवर एक गोष्ट जरूर करा. ॲपमध्ये काय काय पाहिलं त्याची यादी असते, ती उघडा. माझी खात्री आहे की तिथे शंभर कार्यक्रम नसतील, तीन-चार असतील, पुन्हा पुन्हा पाहिलेले. म्हातारी माणसं, आणि खरं तर आपणही, हसायला ओळखीच्याच जागी जातो. ते तीन-चार कलाकार कोण ते लिहून घ्या आणि त्यांची नावं यूट्यूबवर टाका. मराठीतले बरेच विनोदी कलाकार आणि गट आपलं काम स्वतःच तिथे ठेवतात, जाहिराती सोसल्या तर पैसे लागत नाहीत. ते रीतसर फुकट आहे, त्यात कुणाचा पास चोरलेला नाही. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' नावाचा ओटीटी सुरू केला, त्यावर दूरदर्शनचं जुनं बरंच काही आहे. बाबांच्या वयाला ते कदाचित त्या ॲपपेक्षा जवळचं वाटेल. आणि घरातल्या तीन ओटीटींवर विनोदी काय आहे ते कुणी कधी शोधलंय का? नवऱ्याचं 'चौथं कशाला' हे बोलणं त्या बाबतीत अगदीच टाकाऊ नाही.

यादीतले कार्यक्रम दुसरीकडे कुठे मिळतच नसतील, तर ते ॲप पैसे देण्याच्या लायकीचं आहे. मग द्या, पण महिन्याचे. वर्षाच्या प्लॅनच्या मी विरुद्ध आहे. अमेरिकेत एका बड्या वाहिनी-कंपनीने २०१६ च्या जानेवारीत 'सीसो' नावाची फक्त कॉमेडीची सेवा काढली होती. महिन्याला चार डॉलरला एक सेंट कमी, जाहिराती नाहीत. पाठीशी एनबीसी-युनिव्हर्सलसारखं घराणं असूनही २०१७ संपायच्या आत तिला कुलूप लागलं. आपल्याकडची छोटी ॲप तर रात्रीतून नाव बदलतात. ४९९ भागिले बारा केलं की स्वस्त वाटतं, पण बाबा तीन महिन्यांत कंटाळले तर ९९ त्रिक २९७ च जातील.

नवऱ्याबद्दल तुम्ही रागाने लिहिलंय. 'बापासाठी पाचशे निघत नाहीत.' राग समजतो. पण गेलेल्या सासूबाई त्याची आई होत्या, आणि पत्रात तो फक्त नंबर आणि रुपयांपुरता येतो. तो घरी किती वाजता येतो? बाबा हसतात तेव्हा तो घरात असतो का? तुम्ही ते हसणं पोळ्या लाटताना ऐकलंय, त्याने कदाचित फक्त तुमच्याकडून ऐकलंय. या गुरुवारच्या आत एका संध्याकाळी त्याला लवकर बोलावून घ्या. कारण सांगू नका, नाहीतर तो हिशेब मांडेल. बाबांच्या शेजारी बसू द्या. नुसता बसू द्या.

तुमच्यासारखी पत्रं आणखी दोघा-तिघांची आहेत. कुणाच्या मुलीने इंग्रजी गाण्यांचं घेतलंय, कुणाच्या आईने कीर्तनाचं. त्या सगळ्यांना वेगळं काही सांगायचं नाही. मोफत काही सुरू केलंत तर त्याच दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयावर सहाव्या दिवसाच्या चौकोनात ॲपचं नाव लिहा, जिथे दुधाचा खाडा लिहिता तिथेच. फोनमधली आठवण आपण बोटाने सरकवतो, कॅलेंडर रोज समोर असतं.

आणि एक राहिलं. तो फोन तांब्याला टेकवणं बंद करा. एकतर स्टीलवरून घसरतो, आणि बाबांना मान खाली घालून बघावं लागतं. मोबाइलचा स्टँड कुठल्याही कव्हरच्या दुकानात मिळतो. तो तुम्ही आणा, त्याचे पैसे त्यांच्याकडून घेऊ नका.